निवळीची बी

नळाचं पाणी घरोघर येण्याआधी पावसाळ्यात नदी-ओढ्याचं गढूळ पाणी प्यायजोगं करायची एक साधी रीत होती. निवळी नावाच्या झाडाची बी घागरीच्या आतल्या अंगाला उगाळायची, पाणी भरून ठेवायचं आणि वाट पाहायची. बी नसली तर तुरटीचा खडा फिरवायचा. पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात आणि एकमेकांना असे दूर लोटत असतात की ते आपले आपण लवकर खाली बसत नाहीत. निवळीतली किंवा तुरटीतली द्रव्यं त्यांचं हे लोटणं मोडतात. कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी जातात. सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात घ्यायचं. या सगळ्यात घागरीतून मातीचा एक कणही कोणी बाहेर काढलेला नसतो. तो तळाशी असतो आणि घागर हिंदकळली तर वर येणार असतो. दुसऱ्या दिवशीचं पाणी तर पुन्हा गढूळच येणार असतं. मराठीनं मनासाठी नेमकं हेच क्रियापद उचललं. आभाळ निवळतं, वातावरण निवळतं, चेहरा निवळतो, तसं मनही निवळतं. क्रियापद अकर्मक आहे, हे महत्त्वाचं. पाणी घासून निवळत नाही, ते निवळू द्यावं लागतं.

निवळीचा दाखला तत्त्वचिंतनात जुनाच आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त ज्ञानाला निवळीच्या पुडीची उपमा दिली आहे: पाणी स्वच्छ करून ती पूड स्वतःही नाहीशी होते, तसं अज्ञान घालवून ज्ञानही मागे उरत नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाविषयी बोलताना हीच बी वेगळ्या कामाला येते. निवळीचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही, तसं नुसती चिन्हं अंगावर वागवल्यानं धर्म होत नाही, असा तिथला आशय. ज्या ग्रंथानं जन्माच्या खुणांवरून माणसांची किंमत ठरवली त्यातच हे सापडावं, हा एक विनोदच. पण आशय खरा आहे, आणि आजच्या ध्यानाच्या बाजाराला तर तो फारच लागू पडतो. आज बोलली जाते ती भाषा झाडूपोछ्याची. मनातला कचरा काढा, डोकं रिकामं करा, मेंदू डिटॉक्स करा, रोज वीस मिनिटांत मन कोरं करा. या भाषेमागे एक चित्र आहे: मन ही खोली, विचार हा केर आणि ध्यान म्हणजे केर काढणं. हे चित्र चुकीचं आहे आणि त्यापायी अनेक प्रामाणिक माणसं ध्यान सोडून देतात, असं माझं म्हणणं आहे. डोळे मिटून बसल्यावर केर वाढताना दिसतो, आणि माणूस समजतो की हे आपलं काम नव्हे. निवळण्याचं चित्र धरलं तर ध्यानाचा अर्थ बदलतो, दिवसभरातल्या कामांचा अर्थ बदलतो, आणि आपल्याकडच्या परंपरा मुळात काय सांगत होत्या तेही नीट दिसू लागतं.

केर काढण्याचा प्रयत्न का फसतो, हे 1987 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सोप्या प्रयोगात दाखवलं. विद्यार्थ्यांना सांगितलं: पाच मिनिटं मनात येईल ते बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे त्यांनाच अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. कल्पना वेग्नरना दस्तयेव्हस्कीच्या 1863 सालच्या एका प्रवासलेखनातून सुचली होती. आपल्याकडे त्यासाठी रशियापर्यंत जायची गरज नव्हती. औषध घेताना माकड आठवू नकोस, नाहीतर गुण येणार नाही, असं सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट घरोघर माहीत आहे. कारणही अवघड नाही. चोर आत आला नाही ना, हे बघायला बसवलेल्या पहारेकऱ्याला चोराचा चेहरा सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. विचार येऊ न देण्याचा पहारा हा स्वतःच एक विचार असतो, आणि पहाऱ्याला रात्रपाळी-दिवसपाळी नसते.

बौद्ध परंपरेतला ध्यानाविषयीचा मूळ मजकूर या सापळ्यात पडत नाही. मज्झिम निकायातल्या सतिपट्ठान सुत्तात चित्ताकडे पाहण्याचा जो भाग आहे तिथे भिक्षूला काय करायला सांगितलंय? चित्तात राग, म्हणजे आसक्ती, असेल तर ती आहे हे जाणायचं. नसेल तर नाही हे जाणायचं. द्वेष असेल तर द्वेष आहे, चित्त विखुरलेलं असेल तर विखुरलेलं आहे. त्या जागी ‘काढून टाक’ असं म्हटलेलं नाही. विखुरलेलं मन विखुरलेलं आहे असं ओळखणं ही साधनेतली चूक धरलेली नाही, ती साधनाच आहे. आजच्या साधकाला ही एक गोष्ट कळली तरी त्याच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरेल. ‘माझं ध्यान लागत नाही, विचारच येतात’ या तक्रारीत, विचार येत आहेत हे कळलंय ही बातमी दडलेली असते, आणि तक्रार करणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं.

इथे जाणकार वाचक दोन आक्षेप घेईल आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: पतंजलीनं योगाची व्याख्याच चित्तवृत्तींचा निरोध अशी केली आहे. निरोध म्हणजे थांबवणं. मग रिकामं करणं चुकीचं कसं? दुसरा: त्याच मज्झिम निकायात वितक्कसंठान नावाचं सुत्त आहे आणि त्यात दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनानंच मन चिरडायला सांगितलंय. ही तर सरळ जबरदस्ती आहे. दुसऱ्याचं उत्तर त्या सुत्ताच्या रचनेतच मिळतं. तिथे पाच उपाय सांगितले आहेत आणि चिरडणं हा पाचवा आहे, आधीचे चार हरल्यावरचा. पहिला उपाय सुताराचा आहे, जाड खुंटी बारीक खुंटीनं ठोकून बाहेर काढावी तसा एक विचार दुसऱ्या, बऱ्या विचारानं हलवायचा. मग त्या विचाराचे तोटे पाहायचे, मग त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. चौथ्या उपायाचा दृष्टान्त मला या सगळ्या साहित्यात सर्वांत सुंदर वाटतो. एक माणूस घाईघाईनं चालला आहे. त्याला वाटतं, मी इतक्या भरभर का चाललोय? हळू चालावं. हळू चालताना वाटतं, चालायचंच कशाला? उभं राहावं. मग तो बसतो, मग आडवा होतो. विचाराचा वेग असा पायरी-पायरीनं उतरवायचा. यात कोणी कोणाला पकडून पाडत नाही. घाईला फक्त ‘का’ विचारला जातो, आणि पुष्कळदा घाईकडे उत्तर नसतं.

पतंजलीचं उत्तर जरा लांबून येतं, पण आपल्या विषयाचं मर्म तिथेच आहे. निरोधाची व्याख्या करून पतंजली लगेच पद्मासन घालायला सांगत नाही. निरोध अभ्यासानं आणि वैराग्यानं होतो, आणि अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं केला तरच पक्का होतो, असं तो सांगतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही अशी अर्जुनाची तक्रार ऐकून कृष्णही याच दोन गोष्टी सांगतो, आणि अर्जुनाचं म्हणणं आधी मान्य करून सांगतो. पण पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र आजच्या ध्यानवर्गांत फारसं ऐकू येत नाही. त्यात चित्ताच्या ‘प्रसादना’चा उपाय आहे. प्रसाद हा शब्द संस्कृतात पाण्याच्या निवळण्यालाही वापरतात. निवळीच्या बीविषयी मनुस्मृतीत याच धातूचं रूप आलं आहे. म्हणजे पतंजलीलाही मन निवळवायचंच आहे. त्याचा उपाय कोणता? सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. बौद्धांचे चार ब्रह्मविहार ते हेच. एकदा उलट बाजूनं पाहा. शेजाऱ्यानं नवा फ्लॅट घेतला की पोटात येणारा गोळा, नातेवाइकाची अडचण ऐकून आत कुठेतरी होणारी गुदगुल्यांसारखी गंमत, कुणी निःस्वार्थ काम केलं की ‘काहीतरी हेतू असणार’ हा लगेच येणारा संशय, आणि नालायक माणसाशी मनातल्या मनात रात्रभर चालणारं भांडण. आपलं पाणी गढूळ करणारा बराचसा गाळ या चार नाल्यांतूनच येतो. त्यातला एकही डोळे मिटून बसलेल्या वेळी आलेला नाही. चौघेही दिवसा, माणसांत वावरताना, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत शिरलेले आहेत. मग निवळण्याचं मुख्य काम आसनावर होईल हे कसं शक्य आहे? पतंजलीच्या आठ अंगांत ध्यान सातवं आहे, आणि पहिल्या अंगात खोटं न बोलणं व चोरी न करणं येतं, यात मला क्रमाचा हट्ट दिसत नाही. पाणी कुठून येतं ते त्याला माहीत होतं.

म्हणूनच रोजच्या कृतींना जोडलेली जागरूकता हा विसाव्या शतकातल्या अमेरिकेनं लावलेला शोध नाही. सतिपट्ठान सुत्तात पुढे जाताना, मागे वळताना, हात आखडताना-पसरताना, चीवर आणि भिक्षापात्र वागवताना, खाताना, पिताना, मलमूत्रविसर्जन करताना, झोपताना, जागं होताना, बोलताना आणि गप्प राहताना काय करतोय ते जाणून करावं असं सांगितलंय. यादीतून शौचही सुटलेलं नाही. गीता अतिखाणाऱ्याला आणि उपाशी राहणाऱ्याला, अतिझोपणाऱ्याला आणि जागणाऱ्याला, चौघांनाही योग साधत नाही असं म्हणते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी जो आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात एकच बेदाणा हातात घेऊन, न्याहाळून, हळूहळू खाण्याचा पाठ असतो. तासगावच्या शेतकऱ्याला याचं हसू येईल, पण पाठ खोटा नाही. मूठभर बेदाणे तोंडात टाकताना त्यातला एकही आपण खाल्लेला नसतो.

मात्र ‘सजग सवय’ हा शब्दप्रयोग ऐकायला गोड असला तरी तो वदतोव्याघात आहे, ही अडचण टाळून चालणार नाही. सवय म्हणजे लक्ष न देता होणारी गोष्ट. दाराला कुलूप लावायची सवय इतकी पक्की असते की जिना उतरल्यावर ‘लावलं ना?’ म्हणून परत वर जावं लागतं. हात कुलूप लावत होते, मन बसस्टॉपवर पोचलं होतं. सवयीनं लक्षाची गरज संपवायची आणि सजगतेनं लक्ष मागायचं, तर दोघांचा संसार कसा चालायचा? मराठी घरांनी यावर एक युक्ती काढली होती: सवयीच्या खुंटीला लक्ष टांगायचं. जेवणाआधीचा श्लोक, तिन्हीसांजेचा दिवा, उंबरठ्याशी क्षणभर थबकणं. सवयीचं काम माणसाला रोज त्याच जागी आणून उभं करण्यापुरतं. तिथे आल्यावर लक्ष द्यायचं की नाही, हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं आणि ते सवय ठरवू शकत नाही. श्लोक कोण आधी संपवतो याची शर्यत पंगतीत लागायची, तेव्हा खुंटी शाबूत होती, तिच्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. निवळीचं नुसतं नाव घेणं ते हेच. म्हणून जुनी खुंटी नकोशी झाली असेल तर नवी मारावी. फोन उचलण्यापूर्वी एक श्वास, गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वी एक श्वास. पण महिन्याभरात तीही गंजणार हे धरूनच चालावं.

काम करताना मन कुठे असावं, या प्रश्नावर वारकरी परंपरेत दोन फार वेगळ्या कथा आहेत, आणि त्या एकाच सुरात सांगितल्या जातात याचं मला नवल वाटतं. तेरचे गोरोबा चिखल तुडवताना विठ्ठलनामात असे रंगले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं आणि त्यांना कळलं नाही. पुढे विठ्ठलानं मूल परत दिलं असं कथा सांगते. भक्तीची परमावधी म्हणून ती सांगितली जाते. पण कथेनं गोरोबांच्या पत्नीचा आक्रोश आणि संताप लपवलेला नाही, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल तिला मानलं पाहिजे. देव परत देणार नसेल तर काय, हा प्रश्न ती स्त्री कथेच्या आत उभी राहून विचारते. तल्लीनता आणि जागरूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘ध्यान’ हा एकच शब्द आपण दोन्हींना वापरतो. तल्लीनतेत एक गोष्ट भरून राहते आणि बाकीचं जग विझतं. जागरूकतेत एक गोष्ट मध्ये असते आणि कडेचंही दिसत राहतं. गाण्याच्या मैफलीत पहिली हवी, चिखलात दुसरी. अरणच्या सावतोबांची कथा मला म्हणून जास्त जवळची वाटते. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. मळ्यातल्या भाजीतच त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि त्यांना भेटायला देवाची पालखी अरणला जाते अशी परंपरा आहे. खुरपं हातात असताना तंद्री लावून चालत नाही. तण आणि रोप ओळखावं लागतं, नाहीतर रोपच उपटलं जातं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. मन भटकण्यात वाईट ते काय? मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2,250 प्रौढांना दिवसाच्या कोणत्याही वेळी फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकताना माणसं एकूण कमी सुखी होती. ध्यानाच्या जाहिरातींत हा आकडा फार आवडीनं वापरतात. पण भटकणाऱ्या मनाची दुसरी बाजू महाराष्ट्रातच पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांच्या पुढाकारानं खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या. त्यांची संख्या लाखावर गेली आहे. पहाटे हात एका लयीत फिरत असताना त्या बायकांचं मन माहेरी जात होतं, भावाकडे जात होतं, सासूच्या बोलण्याकडे, नवऱ्याच्या माराकडे, सीतेच्या वनवासाकडे, आणि पुढच्या काळात बाबासाहेबांकडेही. बेदाण्याच्या हिशेबानं त्या सगळ्या नापास. दळताना पिठाकडे लक्ष नव्हतं! तरीही त्या ओव्या म्हणजे गढूळ मनाचा आवाज आहे असं त्या ऐकलेला कोणी म्हणणार नाही. याचं कारण, ती नुसती भटकंती नव्हती. मनात आलेल्या दुःखाला नाव मिळत होतं, चाल मिळत होती, शेजारी बसलेली बाई ते झेलत होती. सतिपट्ठान सुत्त द्वेषाला द्वेष म्हणून ओळखायला सांगतं. ती बाई सासुरवासाला सासुरवास म्हणून गात होती. तरंगणारा कण शब्दाला चिकटून जड होत होता आणि खाली बसत होता. म्हणजे फरक मन कामावर आहे की नाही एवढ्यापुरता नाही. मन कुठे गेलंय हे जाणाऱ्याला ठाऊक आहे का, हा खरा प्रश्न. बसमध्ये अर्धा तास अंगठ्यानं व्हिडिओ सरकवून उतरणाऱ्याला काय पाहिलं ते सांगता येत नाही, तशी त्या जात्यावरच्या बाईची गत नव्हती. अर्थात यावरून जातं चांगलं होतं असं कोणी काढू नये. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास घेतला असेल तर त्यात काहीही गैर नाही. आणि भांडी घासण्यातलं ध्यान शिकवणाऱ्यानं, घरात भांडी रोज कोण घासतं हे आधी बघावं.

हा धागा पुढच्या आक्षेपाकडे नेतो. ध्यान माणसाला शांत करतं, आणि अन्यायाच्या जागी शांत होणं हा गुन्हा आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी त्या पाण्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतलं. वर्षअखेर त्याच गावी मनुस्मृती जाळली गेली. निवळीच्या बीची गोष्ट सांगणाऱ्या ग्रंथाला मानणारे लोक स्वच्छ पाणी शुद्ध करत बसले होते. त्यांच्यात रोज संध्या आणि प्राणायाम करणारे नव्हते असं मानणं कठीण आहे. म्हणजे वर्षानुवर्षं श्वास मोजूनही, आपल्या हिताला धक्का लागतो त्या कोपऱ्यात नजर न वळवण्याची सोय मन करून घेऊ शकतं. हे मान्यच केलं पाहिजे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत भिक्षूविषयी हाच प्रश्न उभा केला: बुद्धाला तो परिपूर्ण माणूस म्हणून हवा होता की समाजसेवक म्हणून? पण त्यांनी चित्ताची साधना टाकून दिली नाही. उपेक्षा या गुणाचा अर्थ सांगताना त्यांनी तिला बेपर्वाईपासून वेगळं काढलं: फळानं विचलित न होता प्रयत्नात गुंतून राहणं ती उपेक्षा. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, त्यामुळे पतंजलीचं चौथं पद आपण चुकीचं वाचतो. वाईट वागणाऱ्याला मोकाट सोडा असं ते सांगत नाही. त्याच्याशी लढताना त्याला आपल्या मनात घर बांधून देऊ नका, एवढंच सांगतं. लढणाऱ्याला याची गरज बसून राहणाऱ्यापेक्षा जास्त. सतिपट्ठान सुत्तही निरीक्षण ‘आत’ आणि ‘बाहेर’ दोन्हीकडे करायला सांगतं. बाहेरचा अर्धा भाग गाळून उरतं ते कंपन्यांना फार सोयीचं असतं. कामाचे तास तेच, माणसं कमी केलेली, आणि शुक्रवारी दुपारी सभागृहात श्वासाचा वर्ग.

विज्ञानाकडून मिळणारा पाठिंबाही जेवढा आहे तेवढाच सांगावा. 2014 साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये 47 चाचण्यांचा आणि 3,515 सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं थोडी सुधारणा होते याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ते सरस आहे याला मिळाला नाही. ब्रिटनमधल्या शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. आणि काही माणसांना दीर्घ ध्यानात भीती, भ्रम, झोप उडणं असे त्रास होतात. तीव्र मानसिक आजार असलेल्यानं दहा दिवसांच्या मौनाला बसण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. विपश्यनेची केंद्रं अर्जातच मानसिक आजारांची माहिती मागतात, ते उगाच नाही. यातून ध्यान फोल ठरत नाही. ते रामबाण ठरत नाही इतकंच, आणि ज्या परंपरांतून ते आलं त्यांनीही त्याला एकट्याला कधी रामबाण म्हटलं नव्हतं.

मग आसनावर बसायचंच कशाला, हा प्रश्न उरतो. तालमीसाठी. कुस्ती मैदानात होते, पण अंग तालमीच्या मातीत तयार होतं. चिडचिडीचा पहिला ठसका छातीत उठताना ओळखायचा असेल तर शांत जागी, कोणी चिडवत नसताना, छातीत काय काय उठतं हे आधी अनेकदा पाहिलेलं असावं लागतं. सत्यनारायण गोएंकांनी ब्रह्मदेशातून आणून 1969 साली मुंबईतल्या शिबिरापासून भारतात पुन्हा रुजवलेली आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर चालणारी विपश्यना याच अर्थानं तालीम आहे. पहाटे चारला उठणं, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना. तिथेही घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, कारण घागरीत रोज नवं पाणी येतं हे त्यांना माहीत आहे. जे ‘दहा दिवसांत मन स्वच्छ झालं’ म्हणत परततात आणि घाट उतरायच्या आत रिक्षावाल्याशी भांडतात, त्यांची पद्धत चुकलेली नसते, अपेक्षा चुकलेली असते. भांडताना आवाज चढलाय हे मध्येच लक्षात आलं असेल, तर शिबिर वाया गेलेलं नाही.

परत आलेल्याला आपण सहसा पहिल्याच दिवशी विचारतो, कसं वाटलं? तो सांगेल ते खरंही असेल. पण थोडं थांबावं. महिना जाऊ द्यावा, आणि मग त्याला न विचारता त्याच्या घरच्यांना विचारावं.